गोड जबान आणि पक्की जबान

आपल्या बाजारात एक समज फार जुना आहे. ज्याची जबान गोड, त्याची पेढी चालते. गिऱ्हाईक दारात आले की उठून सलाम करावा, गादीवर बसवावे, चहा मागवावा, घरच्यांची खैरियत विचारावी आणि मग हळूच ताका उलगडावा. यात खोटे काही नाही. मालेगावात ग्रे कापडाचा व्यापार करून मला तीस वर्षांहून अधिक काळ झाला आणि तोंड आंबट करून बसलेल्या दुकानदाराकडे गिऱ्हाईक दुसऱ्यांदा येत नाही, हे मी रोज पाहतो. परंतु गोड बोलण्याने गिऱ्हाईक फक्त उंबरठा ओलांडते. ते टिकते कशावर, हे शिकण्यासाठी मला दहा हजार रुपयांची चोरी करावी लागली. तेव्हा मी तिला चोरी म्हणत नव्हतो, होशियारी म्हणत होतो. नवीन पिढीतील व्यापारी बंधूंना उपयोग व्हावा म्हणून ती हकीकत येथे देत आहे.

अठ्ठेचाळीस पिकांची हकीकत

साल १९९६. अब्बांनी खरेदी-विक्रीचे काम नुकतेच माझ्या हाती सोपवले होते. आमचा पॉपलिनचा माल राजस्थानात बालोतऱ्याला जात असे. मालेगावचे ग्रे कापड रंगवणारी प्रोसेस हाऊसेस तेथे मोठ्या संख्येने आहेत. तेथील एक सेठजी आमच्याकडून दर महिन्याला दोनशे ताके घेत. शंभर मीटरचा ताका धरला तर वीस हजार मीटर कापड झाले. अब्बांच्या काळापासूनचे गिऱ्हाईक. माल न तपासता उतरवून घेत आणि ठरल्या दिवशी पैसे पाठवत.

त्या वर्षी सुताचा भाव चढला. एका कारखानदाराने मला सांगितले की, इंचाला ५२ ऐवजी ४८ पिकांचा माल घ्या, मीटरमागे पन्नास पैसे कमी लावतो. हातात धरून हा फरक सहज कळत नाही. मी तो माल घेतला आणि ५२ पिकांच्या भावाने बालोतऱ्याला रवाना केला. वीस हजार मीटरवर दहा हजार रुपये सुटले. त्या दिवशी मी स्वतःला मोठा व्यापारी समजलो.

सेठजींचे पैसे वेळेवर आले. तक्रारीचे पत्र नाही, फोन नाही. फक्त पुढच्या महिन्याची ऑर्डर आली नाही. मी फोन केला, खूप गोड बोललो. सेठजीही गोड बोलले. "अभी जरूरत नहीं है भाई, जरूर बताएंगे." मी आंब्यांची पेटी पाठवली. त्यांनी शुक्रिया कळवला आणि उलट मिठाई पाठवली. असे सहा महिने चालले. माझ्याकडे जेवढी गोडी होती तेवढीच त्यांच्याकडेही होती आणि दोन्हीकडच्या गोडीतून एक मीटर कापड विकले गेले नाही.

शेवटी एका दलालाने खरे सांगितले. रंगवल्यानंतर कापड विरळ दिसले म्हणून सेठजींनी त्यावर पिक ग्लास ठेवला होता. धागे मोजले आणि ग्लास परत खिशात ठेवला. कोणाला काही बोलले नाहीत.

अब्बांना मी सर्व सांगितले. ते रागावले नाहीत. एवढेच म्हणाले, "बेटा, तू त्यांना कापड विकलेस ते माझ्या जबानीवर विकलेस. आता ती परत आणून दे."

मी बालोतऱ्याला गेलो. सेठजींच्या पुढ्यात दहा हजार रुपये ठेवले आणि काय केले ते सांगितले. त्यांनी नोटा मोजल्या, वहीत जमा केल्या, पावती लिहून दिली आणि जेवू घातले. ऑर्डर दिली नाही. निघताना म्हणाले, "हिसाब साफ हो गया. अब कभी लूंगा तो देख के लूंगा." त्यानंतर आठ महिन्यांनी पन्नास ताक्यांची ऑर्डर आली आणि प्रत्येक ताक्यावर काच ठेवून माल उतरवून घेतला गेला. पूर्वीसारखी न तपासता खरेदी सुरू व्हायला आणखी काही वर्षे गेली.

आता हिशेब पाहा. मीटरमागे चाळीस पैसे नफा धरला तरी त्या गिऱ्हाइकाकडून महिन्याला आठ हजार रुपये सुटत. चौदा महिन्यांचे एक लाख बारा हजार होतात. दहा हजार मिळवण्यासाठी मी एवढे घालवले आणि ते दहा हजारही परत केले. ओल्या धान्याच्या ढिगाची हदीस आपल्यापैकी प्रत्येकाने ऐकली आहे. मापात कमी देणाऱ्यांविषयी तर कुरआन शरीफमध्ये अल-मुतफ्फिफीन नावाची सूरह आहे. मीही ती शाळेच्या वयात पाठ केली होती. पण माप म्हणजे तराजू आणि गज असेच माझ्या डोक्यात होते. एका इंचातले चार धागे हेसुद्धा मापच आहे, हे मला सेठजींच्या गप्प बसण्याने शिकवले.

माप, तारीख आणि तक्रार

तेव्हापासून आमच्या बिलावर ताक्यांच्या संख्येबरोबर पिक, पन्ना आणि प्रत्यक्ष मोजलेले मीटर लिहिले जातात. तेलाचे डाग किंवा तुटलेल्या तारांचा माल वेगळ्या दोरीने बांधतो आणि भाव बोलण्याआधी सांगतो. ऐब आपण सांगितला तर तो भावाचा प्रश्न होतो. गिऱ्हाइकाला सापडला तर तो इमानाचा प्रश्न होतो.

दुसरी गोष्ट तारखेची. आपल्यातले चांगले चांगले व्यापारी येथे घसरतात. मुरव्वतीपोटी "नाही" म्हणवत नाही. बीम अजून सायझिंगमधून आलेला नसतो आणि आपण फोनवर "परसों मिल जाएगा" म्हणून मोकळे होतो. पलीकडच्या माणसाने त्या शब्दावर गाडी ठरवलेली असते, कारागीर बसवलेले असतात. लग्नसराई चार दिवसांची असते, ती आपल्या मालासाठी थांबत नाही. माझा अनुभव असा की, "दहा दिवस लागतील" ऐकून गिऱ्हाईक थोडे नाराज होते, पण दहाव्या दिवशी माल पोहोचला की ती नाराजी धुऊन निघते. परवाचे दहा दिवस झाले तर मात्र पुढच्या वेळी आपल्या खऱ्या तारखेवरही कोणी विश्वास ठेवत नाही.

तिसरी गोष्ट तक्रारीची. तक्रार आली की पहिली पाच मिनिटे आपण बोलू नये. पूर्ण ऐकावे. लगेच विणकरावर, ट्रान्सपोर्टवर, पावसावर ढकलू नये. प्रत्येक लॉटचा एक तुकडा तारीख लिहून आपल्याकडे जपून ठेवावा म्हणजे वाद तोंडाने न होता कापडावर होतो. चूक आपली निघाली तर त्याच दिवशी वटाव द्यावा किंवा माल परत घ्यावा. द्यायचेच असेल तर महिनाभर घासाघीस करून दिलेल्या पैशाला किंमत राहत नाही.

आपल्या छताखालची माणसे

गिऱ्हाइकाला "आइए, तशरीफ रखिए" म्हणणारा सेठ आतल्या दाराने कारखान्यात गेला की त्याची जबान बदलते. घरचे चोवीस माग आम्हीही चालवतो, म्हणून हे स्वतःला धरून सांगतो. बारा बारा तासांच्या पाळ्या, मागांचा तो आवाज, उडणारी रुई. अशा ठिकाणी उभ्या माणसाला नावाने हाक मारली आणि मजुरी ठरल्या दिवशी हातात दिली, तर यापेक्षा मोठा अखलाक दुसरा नाही.

पूर्वी आमच्याकडे खराब कापडाबद्दल मजुरी कापली जाई. परिणाम असा झाला की विणकर ऐब आत गुंडाळून ताका काढत आणि तो ऐब गिऱ्हाइकाच्या टेबलावर उघडा पडे. मग नियम बदलला. जो स्वतः येऊन "येथे खराबी आहे" सांगेल त्याची मजुरी कापायची नाही. खराबी एका दिवसात थांबली नाही, पण लपवणे थांबले. गिऱ्हाइकाला मी जी खरी गोष्ट सांगतो, ती आधी मला कोणीतरी सांगावी लागते. ती सांगणारा माणूस मागावर उभा असतो.

या एतबाराची परीक्षा नोव्हेंबर २०१६ मध्ये झाली. ८ तारखेच्या रात्री पाचशे आणि हजारच्या नोटा बंद झाल्या. खात्यात रक्कम होती, पण बँकेतून पैसे काढण्यावर मर्यादा आली आणि मजुरी तर रोखीने द्यायची. मालेगावात ठिकठिकाणी माग बंद पडले. मोहल्ल्यातील किराणावाल्या चाचांकडे मी गेलो आणि म्हणालो की, माझ्या चिठ्ठीवर आमच्या माणसांना रेशन द्या, रोख आली की पहिले पैसे तुमचे. त्यांनी कागद मागितला नाही. कारण आमचा एखादा विणकर उधारी न मिटवता गावी निघून गेला तर ती रक्कम आम्ही भरत आलो होतो, हे त्यांना ठाऊक होते. पाच आठवडे चिठ्ठ्या चालल्या. आठ विणकरांपैकी एकही काम सोडून गेला नाही. त्या पाच आठवड्यांत मी कोणाला काही गोड बोललो असेन असे आठवत नाही. उलट माझेच तोंड सुकले होते.

वजन आणि दबाव

बाजारात वजन असणे वेगळे आणि दबाव टाकणे वेगळे. आपले वजन असेल तर शेजारचा कारखानदार अडचणीत सुताच्या दोन गोण्या न लिहिता देतो. आपल्याकडे नसलेल्या मालासाठी आपण गिऱ्हाईक त्याच्या पेढीवर पाठवतो, तोही कधीतरी तसेच करतो. दबाव म्हणजे समोरच्याची गरज ओळखून त्याला गप्प बसवणे.

आणि येथे आपण व्यापाऱ्यांनी गिरेबानात डोकावले पाहिजे. चार किंवा आठ माग असलेला छोटा कारखानदार पैसे मागायला येतो तेव्हा आपण काय करतो? चहा मागवतो. "अरे भाई, आपण घरचेच आहात" म्हणतो. मुलांचे शिक्षण विचारतो आणि पुढच्या जुम्याचा वायदा देऊन दारापर्यंत सोडायला जातो. तो बिचारा लाजेने गप्प बसतो. सर्वात गोड जबान आपण त्याच्यावर खर्च करतो आणि सर्वात जास्त नुकसानही त्याचेच करतो.

कायदा आता त्याच्या बाजूने आहे, हेही लक्षात ठेवावे. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायद्यानुसार उद्यम नोंदणी असलेल्या सूक्ष्म वा लघु उत्पादकाचे पैसे, लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि करार नसेल तर १५ दिवसांत द्यावे लागतात. उशीर झाला तर व्याज भरावे लागते. १ एप्रिल २०२४ पासून आयकरातही तशी तरतूद लागू झाली. मुदतीत न दिलेली रक्कम, ती प्रत्यक्ष द्याल त्याच वर्षी खर्चात धरता येते. तेव्हा कापड बाजारात मोठी खळबळ माजली होती. माझे म्हणणे एवढेच की, ज्याच्या घामाचे कापड आपण विकतो त्याचे पैसे वेळेवर देण्यासाठी आपल्याला आयकराची भीती लागावी, ही आपल्या इज्जतीची गोष्ट नाही.

गल्ल्यातील पावती

हल्ली माझा मुलगा मालाचे फोटो व्हॉट्सॲपवर पाठवतो. बोलण्यात तो माझ्यापेक्षा चतुर आहे, गिऱ्हाइकांची नावे, त्यांच्या सणावारांच्या तारखा त्याला पाठ आहेत. चांगली गोष्ट आहे. मी त्याला फोटोखाली पिक, पन्ना आणि मीटर लिहायला सांगतो. परवा तो म्हणाला, "अब्बा, दुसरे कोणी लिहीत नाही. लिहिल्याने आपला भाव पडतो."

भाव पडतो हे खरे आहे. ज्यांचा माल ४८ चा असतो आणि जे सांगत नाहीत, त्यांच्यापुढे आपण मीटरमागे दहा-वीस पैशांनी महाग दिसतो. मी त्याच्याशी वाद घातला नाही. गल्ल्याच्या खालच्या खणात बालोतऱ्याची दहा हजारांची पावती अजून ठेवलेली आहे. ती काढून त्याच्या हातात दिली आणि ती कशाची आहे ते पहिल्यांदाच सांगितले. त्याने ती वाचली, परत खणात ठेवली आणि दुपारच्या फोटोंखाली पिक लिहायला बसला.