एका ग्लासानं काय होतंय?

मे महिना, दुपारचा एक. अक्कलकोट रोडवरच्या मंगल कार्यालयात नुकत्याच अक्षता पडल्यात. बाहेर पारा 43 अंशांवर. दारातच पोरं सरबताचे ट्रे घेऊन उभी आहेत. सोलापुरात उन्हातून आलेल्याला आधी पाणी विचारतात. घाम पुसायच्या आत ग्लास हातात येतो.

"सरबत घ्या की, मामा!"

पन्नाशीचे एक गृहस्थ हसून हात जोडतात आणि पुढे होतात. ओठ कोरडे पडलेत.

कुलरपुढच्या खुर्च्या केव्हाच भरल्यात. मामा भिंतीकडेला बसतात. एवढ्या उकाड्यात फुल बाह्यांचा शर्ट. डावी बाही वर सरकते आणि कोपराजवळची टम्म फुगलेली शीर दिसते. ऑपरेशन करून तिला धमनी जोडलीय. वर बोट ठेवलं तर आत थरथर लागते. आठवड्यातून तीनदा, चार-चार तास, इथंच दोन सुया टोचून डायलिसिस चालतं. मूत्रपिंडं थकलीत. प्यालेलं पाणी अंगातच साठतं, पाय सुजतात, मग दम लागतो. म्हणून चहा-आमटी धरून दिवसाला एक लिटर, एवढीच मुभा. खिशातल्या पुडीत लवंगा आहेत. तहान अनावर झाली की एक दाढेखाली.

जेवणाच्या हॉलपुढे रेटारेटी. हुग्गीचा, तुपाचा वास. कुणीतरी मामांचा नेमका डावा हात धरून ओढतं. पत्नी चटकन मध्ये येते.

"तो हात नको, भाऊजी."

भाऊजी ओशाळतात. तरी मठ्ठ्याचा ग्लास पुढे येतोच. "एका ग्लासानं काय होतंय?"

प्रत्येकाचा ग्लास एकच असतो. मांडवात माणसं चारशे आहेत.

आग्रहात माया असते, हे मामांनाही कळतं. म्हणूनच ते दर वेळी नवं कारण शोधतात. आत्ताच प्यालो. पोट भरलंय. आजाराचं नाव काढलं की पुढचे प्रश्न ठरलेले: अजून बरं नाही वाटत? अमुक काढा घेऊन बघा की! पहिल्या 'नको'वर थांबलो, तर आपला पाहुणचार कुठं उणा पडणार आहे?

नवरीची आत्या स्वतः ताट घेऊन येते. भात, चपाती, दुधीची भाजी. शेंगाची चटणी नाही, आमटी नाही. वाटीत बर्फाचे दोन खडे.

"उद्या डायलिसिस आहे ना? निवांत जेवा."

मामा एक खडा गालात धरतात. मठ्ठ्याचा जग घेतलेला पोरगा वाकतो. आत्या त्याला तिथूनच पुढच्या पंगतीकडे धाडते.