कोयनेचा भेक आणि जातिवृत्तीय वर्गीकरण

जीवांचे वर्गीकरण बाह्य साम्यावर नव्हे, तर समान पूर्वजाच्या आधारे करावे, ही भूमिका जर्मन कीटकशास्त्रज्ञ विली हेनिग यांनी १९५० मध्ये पद्धतशीरपणे मांडली. या पद्धतीत एका पूर्वजाचे सर्व वंशज एकाच गटात येतात. त्या पूर्वजात नव्याने उद्भवलेली व वंशजांत समाईक असलेली लक्षणेच नात्याचा पुरावा ठरतात.

सातारा जिल्ह्यातील कोयना परिसरातून १९६३ मध्ये वर्णिलेला भेक हे याचे बोलके उदाहरण होय. ढोबळ साम्यामुळे त्याचा समावेश ‘बुफो’ या जगभर पसरलेल्या प्रजातीत झाला होता. डी.एन.ए. व शरीररचना यांच्या अभ्यासातून आंबोलीचा भेक हा त्याचा निकटचा नातलग असल्याचे दिसून आले. त्यामुळे २००९ मध्ये या दोन जातींसाठी ‘झँथोफ्रायनी’ ही स्वतंत्र प्रजाती स्थापन करण्यात आली.

हा बदल केवळ नावाचा नाही. या प्रजातीत दोनच जाती असून त्या सह्याद्रीबाहेर आढळत नाहीत. त्यांपैकी एक नष्ट झाल्यास उत्क्रांतीच्या एका शाखेचा निम्मा भाग लुप्त होईल. म्हणूनच सातारा-सांगलीच्या पश्चिमेकडील कोयना-चांदोली वनांचे मूल्य ठरविताना जातींच्या संख्येबरोबर त्यांचे जातिवृत्तही विचारात घेणे अगत्याचे आहे.