सुरतेची खरेदी: मुक्काम आपल्याच पैशाने करा

सकाळी सुरतेला उतरायचे, दिवसभर रिंग रोडच्या मार्केटांचे जिने चढायचे आणि रात्रीच्या गाडीने परतायचे, अशी खानदेशातल्या बहुतेक कापड व्यापाऱ्यांची रीत आहे. आम्हीही बरीच वर्षे हेच केले. आता आमचे मत असे झाले आहे की, सुरतेत एक रात्र मुक्काम करावा. मात्र तो आडत्याच्या खर्चाने करू नये.

हे आम्ही नुकसान सोसून शिकलो. एकदा एका आडत्याने आम्हाला गेस्ट हाऊसमध्ये उतरवले. खोलीचे भाडे त्याने दिले, जेवणही त्याचेच. दुसऱ्या दिवशी त्याने दाखवलेल्या तीन गाळ्यांपलीकडे जायला आमचा पाय उचलेना. खाल्ल्या मिठाची भीड पडली. गाठी घरी आल्यावर कळले की भाव चढा लागला होता, आणि काही साड्या मापात कमी भरल्या. वाचलेल्या भाड्याच्या कितीतरी पट पैसा त्या मालात बुडाला.

उतरायचे कुठे? स्टेशनसमोर व दिल्ली दरवाजाच्या बाजूला साधी लॉज पुष्कळ आहेत. तिथून सहारा दरवाजा व रिंग रोड जवळ पडतो. खोली आधी पाहावी, भाडे कराधरून किती व खोली किती वाजता सोडायची हे विचारून घ्यावे, ओळखपत्र जवळ ठेवावे. रविवारी बहुतेक मार्केटे बंद असतात आणि दिवाळीनंतर लाभपंचमीपर्यंत बाजार थंड असतो. ते दिवस टाळावेत.

पहिल्या दिवशी फक्त माल पाहावा, भाव वहीत टिपावेत, नमुन्याचे तुकडे घ्यावेत. ऑर्डर दुसऱ्या दिवशी. मधली संध्याकाळ आपली.

त्या संध्याकाळी चौक बाजाराकडे जावे. तापीकाठी सोळाव्या शतकात खुदावंद खानाने पोर्तुगीजांच्या हल्ल्यांपासून बचावासाठी बांधलेला किल्ला आहे. दुरुस्तीनंतर तिथे संग्रहालय झाले आहे. ते किती वाजेपर्यंत उघडे असते ते आधी विचारावे. जवळच मुघलसराय आहे. आज महानगरपालिकेचे मुख्य कार्यालय असलेली ही इमारत १६४४ साली, शहाजहानच्या काळात, मुसाफिरांसाठी बांधली गेली. हाजी याच बंदरातून जहाजाने निघत, म्हणून सुरतेला मक्केचा दरवाजा म्हणत. पुढे या सरायचा तुरुंगही झाला होता.

वेळ उरला तर पूल ओलांडून रांदेरला जावे. हे जुने बंदर; १५३० साली पोर्तुगीजांनी ते लुटले. पुढे इथल्या व्यापाऱ्यांनी रंगूनपर्यंत तिजारत नेली. जुन्या मशिदी, नक्षीदार लाकडी घरे पाहावीत आणि बर्माहून आलेला खावसा व रांदेरची आलुपुरी खाऊन परतावे.

सरायमध्ये हाजींना फुकट उतरवीत, आणि त्या बदल्यात त्यांच्याकडून काही मागत नसत. आडत्याच्या फुकट खोलीची किंमत मात्र बिलात कुठेतरी लागतेच. म्हणून लॉजचे भाडे हमाली व ट्रान्सपोर्टसारखे खरेदीच्या खर्चातच धरावे. खोली आपली असली की नको असलेल्या मालाला ‘नको’ म्हणता येते.