हातपंप आणि अक्षर : बांदा जिल्ह्यातील एका अनुभवाचा अर्थ

भारतीय भाषांच्या मौखिक आणि लिखित साहित्यात पाणी व स्त्री यांचे साहचर्य फार जुने आहे. हिंदी प्रदेशातील पनघटाची गीते असोत की मराठी ओवीतील आड-विहिरीचे उल्लेख असोत, डोईवर घागर घेतलेली स्त्री ही या साहित्यातील एक स्थिर प्रतिमा होऊन बसली आहे. कधी ती सौंदर्याची प्रतिमा असते, कधी कष्टाची. दोन्ही ठिकाणी ती पाणी वाहून आणते. पाण्यासंबंधी निर्णय घेताना मात्र ती क्वचितच दिसते. पाण्याचे श्रम स्त्रीचे आणि पाण्यावरील सत्ता दुसऱ्याची, ही विभागणी साहित्याने बहुधा गृहीतच धरली आहे.

या विभागणीची जातीय बाजू प्रेमचंदांच्या ‘ठाकुर का कुआँ’ (1932) या कथेत उघड होते. आजारी जोखूसाठी स्वच्छ पाणी आणावयास गंगी रात्री ठाकुराच्या विहिरीवर जाते आणि चाहूल लागताच दोर-घागर सोडून पळते. घरी येऊन पाहते तो जोखू तेच दुर्गंधीयुक्त पाणी पीत आहे. परंतु त्याच विहिरीवर पाण्यास आलेल्या दोन सवर्ण स्त्रियांचा संवादही प्रेमचंदांनी कथेत घातला आहे, हे लक्षात घ्यावयास हवे. पुरुष आपल्याला दासीसारखे राबवितात, अशी त्यांची तक्रार आहे. गंगीला विहीर निषिद्ध आहे आणि या दोघींना ती सक्तीची आहे. विहिरीवर अधिकार मात्र तिघींपैकी कोणाचाच नाही. 20 मार्च 1927 रोजी महाडच्या चवदार तळ्यावर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी पाण्याच्या सार्वजनिक हक्काचा प्रश्न कृतीने मांडला. पाण्याला स्पर्श करण्याचा तो हक्क होता. पाण्याच्या साधनाची देखरेख कोणी करावी, हा त्याच्या पुढचा प्रश्न होय.

1981 ते 1990 हे दशक आंतरराष्ट्रीय पेयजल व स्वच्छता दशक म्हणून पाळण्यात आले. 1992 च्या डब्लिन परिषदेने पाण्याचा पुरवठा, व्यवस्थापन व रक्षण यांत स्त्रियांचे स्थान मध्यवर्ती आहे, हे तत्त्व मान्य केले. भारतातील ग्रामीण भागात या काळाचे मुख्य साधन म्हणजे ‘इंडिया मार्क दोन’ हा हातपंप. त्याचा मूळ आराखडा सोलापुरात तयार झालेल्या पंपावरून विकसित झाला होता, ही बाब मराठी वाचकाच्या दृष्टीने उल्लेखनीय आहे. पंप दणकट होता. परंतु त्याचा दट्ट्या जमिनीखाली खोलवर असे. चामडी वॉशर झिजला की लोखंडी नळांची सगळी माळ वर ओढून काढावी लागे. हे काम करणारा मिस्त्री तालुक्याहून येई आणि तो येईपर्यंत गावातील स्त्रियांची पायपीट पुन्हा सुरू होई. पंप बंद पडल्याची झळ जिला प्रथम लागे, तिला तो उघडण्याचे ज्ञान नव्हते.

उत्तर प्रदेशातील बांदा जिल्ह्यात या स्थितीला एक निराळे वळण मिळाले. 1986 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातून ‘महिला समाख्या’ हा कार्यक्रम निघाला आणि प्रारंभीच्या जिल्ह्यांत बांद्याचा समावेश झाला. बुंदेलखंडाच्या या दुष्काळी भागात स्त्रियांच्या चर्चेत पाण्याचा प्रश्न अग्रभागी आला. त्यातून 1990 नंतरच्या काही वर्षांत दलित व कोल समाजातील स्त्रियांना हातपंप दुरुस्तीचे शिक्षण देण्यात आले. त्यांच्यापैकी बहुतेकींना अक्षरओळख नव्हती. पाना-हातोडी घेऊन गावोगाव जाणारी स्त्री ही रूढ समजुतीला धक्का देणारी गोष्ट होती. शिवाय जिच्या हातच्या पाण्याला विटाळ मानला जाई, तिच्याच हाताने दुरुस्त झालेल्या पंपाचे पाणी गावाला भरावे लागे.

साहित्याच्या अभ्यासकांना विशेष महत्त्वाचा वाटावा असा भाग यापुढचा आहे. पंपाच्या कामात नोंदी ठेवाव्या लागत : किती नळ काढले, कोणता भाग बदलला, कोणता मागवावयाचा. साक्षरतेची मागणी या गरजेतून, कामाच्या आतूनच, उत्पन्न झाली. पुढे स्त्रियांसाठी निवासी शिक्षण केंद्र निघाले. त्याच्या अभ्यासक्रमात पाणी, जमीन, जंगल, आरोग्य हेच विषय होते. ‘महिला डाकिया’ हे छोटेखानी वार्तापत्रही याच वातावरणात निघाले. भाषेचा प्रश्न येथे अटळ होता. मनातले बोलावयाचे ते बुंदेलीत. परंतु कचेरीतील कागद हिंदीत. बुंदेलीचा त्याग न करता हिंदीवरही हक्क सांगावयाचा, अशी दुहेरी गरज या स्त्रियांपुढे उभी राहिली. बोली आणि प्रमाणभाषा यांच्या सत्तासंबंधाचे इतके प्रत्यक्ष उदाहरण विरळाच.

बांद्यातून 1997 मध्ये जो नवा जिल्हा वेगळा झाला, त्यास आरंभी छत्रपती शाहू महाराजांचे नाव देण्यात आले होते. 1998 पासून तो चित्रकूट म्हणून ओळखला जातो. तेथील कर्वी गावातून 2002 मध्ये ‘खबर लहरिया’ हे बुंदेली वृत्तपत्र निघू लागले. ‘महिला डाकिया’चा वारसा सांगणाऱ्या या पत्राचे लेखन-संपादन ग्रामीण स्त्रिया, त्यांतही मुख्यत्वे दलित स्त्रिया, करीत. 2009 मध्ये त्यास युनेस्कोचा साक्षरतेसाठीचा किंग सेजोंग पुरस्कार लाभला. पुढे छापील अंक थांबले आणि पत्र अंकीय माध्यमात गेले. ज्या कार्यक्रमाने आरंभ करून दिला, त्या महिला समाख्येचे केंद्रीय साहाय्य मात्र बंद झाले. संस्था संपली तरी तिच्यातून उगवलेली लेखणी टिकली, असे येथे घडले.

या अनुभवातून पाण्यावरील अधिकाराच्या तीन पायऱ्या स्पष्ट होतात. पाण्याला स्पर्श करण्याचा हक्क ही पहिली. पाण्याचे साधन उघडून दुरुस्त करण्याचे ज्ञान ही दुसरी. आणि पाण्याविषयी लिहून जाब विचारण्याचे सामर्थ्य ही तिसरी. 15 ऑगस्ट 2019 रोजी घोषित झालेल्या जल जीवन मिशनच्या मार्गदर्शक सूचनांत गावाच्या पाणी समितीत निम्म्या जागा स्त्रियांना देण्याची आणि प्रत्येक गावी पाच स्त्रियांना पाणी तपासणीचे शिक्षण देण्याची तरतूद आहे. ही तरतूद स्वागतार्ह होय. परंतु समितीच्या नोंदवहीत स्त्रीची सही असणे आणि नोंद तिने स्वतः लिहिणे, यांत अंतर आहे. तपासणीत पाणी दूषित आढळले तर तो निष्कर्ष कोणापुढे मांडावयाचा आणि उत्तर कोणाकडून घ्यावयाचे, हे तिला ठाऊक असेल तरच तपासणीस अर्थ.

गंगी रिकाम्या हाताने परतली, कारण तिच्यापाशी या तीन पायऱ्यांपैकी पहिलीही नव्हती. साठ वर्षांनंतर तिच्याच प्रांतातील, तिच्यासारख्याच स्त्रियांनी पंप उघडला आणि मग त्याची हकीकत स्वतःच्या बोलीत लिहिली. पाणी आणणारी स्त्री भारतीय साहित्यात शतकानुशतके वर्णनाचा विषय होती. बांद्यात ती स्वतः निवेदक झाली. पाणीपुरवठ्याच्या इतिहासात जशी या घटनेची नोंद व्हावयास हवी, तशीच ती भारतीय भाषांच्या वाङ्मयेतिहासातही व्हावयास हवी.