निपाणीचे अप्पा देसाई : पाच गैरसमज आणि वस्तुस्थिती

निपाणीत ‘निपाणीकर सरकार’ हे नाव आजही आदराने घेतले जाते. पण सिद्धोजीराव नाईक निंबाळकर ऊर्फ अप्पा देसाई निपाणीकर यांची कारकीर्द फारशी कोणी सविस्तर सांगत नाही. कोणाला ते केवळ गावचे देसाई वाटतात, तर कोणी त्यांना फितूर ठरवून मोकळे होते. पेशवाईची अखेर आणि इंग्रजी राजवटीची सुरुवात या दोन्हींत वावरलेल्या या माणसाला नीट समजून घ्यायचे, तर आधी काही समज दूर करायला हवेत.

गैरसमज १ : अप्पा देसाई म्हणजे सारा वसूल करणारा एक वतनदार.

वस्तुस्थिती : देसाईपण वतनाचे होते, पण त्यांचा दबदबा फौजेचा होता. दुसऱ्या बाजीरावाच्या काळात ‘सरलष्कर’ हा किताब त्यांच्याकडे होता आणि स्वतःचे घोडदळ ते बाळगून होते. शेजारच्या कोल्हापूर राज्याशी त्यांनी वर्षानुवर्षे झुंज दिली आणि चिकोडी व मनोळी हे दोन मोठे तालुके ताब्यात घेतले. छत्रपतींच्या गादीला जेरीस आणणारा सरदार साधा वतनदार असू शकत नाही.

गैरसमज २ : त्या काळी एका बाजूला सगळे मराठे आणि दुसऱ्या बाजूला इंग्रज असा सरळ सामना होता.

वस्तुस्थिती : 1803 मध्ये पळून गेलेल्या बाजीरावाला पुन्हा गादीवर बसवण्यासाठी आर्थर वेलस्ली दक्षिणेतून पुण्याकडे निघाला, तेव्हा बापू गोखल्यांप्रमाणेच अप्पा देसाईही आपल्या स्वारांसह त्याच्या बाजूला होते. ते पेशव्यांचे सरदार होते आणि वेलस्ली पेशव्यांच्या नावाने आला होता. हाच वेलस्ली पुढे ड्यूक ऑफ वेलिंग्टन झाला आणि 1815 मध्ये वॉटर्लूला त्याने नेपोलियनचा पराभव केला. निपाणीच्या फौजेला त्याच्याबरोबर पाहून आज आपण दचकतो. पण 1803 ची निष्ठा 1818 च्या मापाने मोजणे अन्यायाचे आहे. शिवाय कोल्हापूर आणि निपाणी एकमेकांशी लढत असल्याने तिसऱ्याचे फावले. 1812 च्या तहात कोल्हापूरने चिकोडी-मनोळीवरचा हक्क सोडला, मालवणचे बंदर इंग्रजांना दिले आणि आपले परराज्यसंबंधही त्यांच्या हाती सोपवले.

गैरसमज ३ : 1818 मध्ये पेशवाई बुडाली आणि तिच्याबरोबर निपाणीची जहागीरही गेली.

वस्तुस्थिती : शेवटच्या युद्धात अप्पा देसाई पेशव्यांच्या पक्षात राहिले. त्याची किंमत म्हणून चिकोडी आणि मनोळी त्यांच्या हातून गेले, आणि इंग्रजांनी ते साथ देणाऱ्या कोल्हापूरला बक्षीस दिले. मात्र निपाणीची जहागीर अप्पा देसायांकडेच राहिली, आणखी वीस वर्षांहून अधिक काळ. पुढे कोल्हापूरशी बिनसल्यावर, 1827 च्या तहाने इंग्रजांनी तेच दोन तालुके कोल्हापूरकडूनही काढून घेतले. एकाला शिक्षा आणि दुसऱ्याला इनाम, पण शेवटी ते तालुके दोघांच्याही हाती उरले नाहीत.

गैरसमज ४ : दत्तक नामंजूर करून संस्थाने खालसा करण्याची सुरुवात डलहौसीने केली.

वस्तुस्थिती : डलहौसी हिंदुस्थानात आला 1848 मध्ये. त्याने ते धोरण सपाट्याने राबवले हे खरे, पण बेळगावच्या भूमीने त्याची झळ आधीच सोसली होती. 1824 मध्ये कित्तूरचे शिवलिंगरुद्रसर्ज वारले आणि धारवाडचा कलेक्टर थॅकरे याने त्यांचा दत्तक मानला नाही. 1834 मध्ये कंपनीच्या संचालकांनीच सांगून टाकले की, दत्तकाला मंजुरी हा अपवाद समजावा. 1839 मध्ये अप्पा देसाई औरस पुत्राविना वारले आणि निपाणीची जहागीर इंग्रजी मुलखात सामील झाली. कुलाब्याच्या आंग्र्यांची पाळी त्याच सुमारास आली. साताऱ्याचे राज्य गेले ते त्यानंतर.

वारसाच्या प्रश्नावर राज्ये फिरवणे तेव्हा युरोपातही चालू होते. नेपोलियनच्या पाडावानंतर व्हिएन्नाच्या परिषदेने इटलीतली छोटी राज्ये वाटून दिली. पार्मा नेपोलियनची पत्नी मारी लुईझ हिला हयातीपुरते मिळाले आणि लुक्का बूर्बाँ घराण्याला. पार्मा बूर्बाँकडे जाईल तेव्हा लुक्का तस्कनीत विलीन व्हावे, असे आधीच ठरले होते. 1847 मध्ये तसेच घडले. लुक्कातल्या प्रजेला कोणी विचारले नाही, तसे निपाणीतल्या रयतेलाही नाही. फरक इतकाच की इटलीतल्या राजघराण्यांना आपसांत करार करता आला. निपाणीला मात्र समोरच्याचा निकाल मुकाट्याने घ्यावा लागला.

गैरसमज ५ : जहागीर गेली आणि लोक गप्प बसले.

वस्तुस्थिती : 1841 मध्ये निपाणीच्या किल्ल्यात अरब शिपायांनी ठाण मांडले. तो परत घेण्यासाठी बेळगावहून इंग्रजी फौज धाडावी लागली. त्याआधी कित्तूरमध्ये राणी चन्नम्मांच्या सैन्याशी लढताना थॅकरे 23 ऑक्टोबर 1824 रोजी मारला गेला. डिसेंबरात किल्ला पडला आणि राणींचा 1829 मध्ये बैलहोंगलच्या कैदेत अंत झाला. त्यांचा झेंडा पुढे नेणाऱ्या संगोळ्ळी रायण्णांना 1831 मध्ये नंदगडला फाशी दिले गेले. 1844 मध्ये कोल्हापूर भागात गडकऱ्यांचा उठाव झाला. ही सारी ठिकाणे एकमेकांपासून फार लांब नाहीत.

कित्तूरची कथा कन्नड मुलखाची आणि निपाणीची मराठी मुलखाची, अशी वाटणी आपण नंतर केली. त्या वेळी दोन्ही ठिकाणी एकाच सत्तेने एकाच कारणावरून हक्क नाकारला. 1956 मध्ये बेळगाव जिल्हा मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला, त्याआधीचा हा सामाईक वारसा आहे. म्हणून सीमाभागातल्या शाळांत, माध्यम कोणतेही असो, चन्नम्मा आणि अप्पा देसाई एकाच धड्यात शिकवले जावेत. चन्नम्मांचा लढा आणि अप्पा देसायांची कोंडी एकत्र पाहिली, तरच मुलांना कळेल की कंपनीने हा मुलूख तलवारीइतकाच तहांनी आणि वारसाच्या नियमांनी जिंकला.