ग्रंथपालाची किल्ली

मुंबईस गेलेला पाहुणा फोर्टांतून जातांना मान वर करून राजाबाई टॉवरचें घड्याळ पाहिल्यावांचून राहत नाहीं. शेठ प्रेमचंद रायचंद यांनीं त्या कामीं चार लक्ष रुपये दिले, मनोऱ्यास आपल्या मातुःश्रींचें नांव दिलें, आणि १८६९ पासून १८७८ पर्यंत बांधकाम चालून ती वास्तु पुरी झाली, इतकी माहिती पुष्कळांस असते. परंतु हा मनोरा विद्यापीठाच्या ग्रंथालयास जोडलेला आहे, आणि शेटजींनीं दिलेल्या चार लक्षांपैकीं पहिले दोन लक्ष ग्रंथालयासाठींच होते, हें किती जणांच्या ध्यानांत असतें? घड्याळ उंचावर आहे म्हणून तें सर्वांस दिसतें. खालीं शांतपणें बसून वाचकांस पुस्तकें काढून देणारा मनुष्य मात्र कोणाच्याच दृष्टीस पडत नाहीं.

विद्यापीठांचे वार्षिक वृत्तांत ज्यांनीं चाळले असतील त्यांस हाच अनुभव आला असेल. परीक्षांचे निकाल, अध्यापकांचे सन्मान, क्रीडास्पर्धांतील ढाली ह्यांचें वर्णन सविस्तर असतें. ग्रंथालयाच्या वांट्यास इतकीं पुस्तकें आलीं व इतकीं दिलीं, एवढ्या दोन ओळी येतात. ह्यांत कोणाचा दुष्ट हेतु असतो असें नाहीं. ग्रंथपालाच्या पराक्रमाचें स्वरूपच असें आहे कीं, तो साधला म्हणजे दिसेनासा होतो. हवें तें पुस्तक हातीं आलें कीं वाचक ग्रंथकाराचे आभार मानतो. तें पुस्तक सांपडावें म्हणून कोणी किती खटपट केली, हें त्याच्या मनांतही येत नाहीं. म्हणूनच एका विद्यापीठाच्या ग्रंथपालाची कथा आज वाचकांपुढें ठेवावी असें योजिलें आहे. ह्या कथेशीं माझ्या स्वतःच्या एका अपराधाचाही संबंध आहे. तो ओघानें येईलच.

मद्रास विद्यापीठानें १९२३ सालीं ग्रंथपालाची जागा नव्यानें निर्माण केली. अर्ज आले सुमारें नऊशें; पण ग्रंथालयाच्या कामाचें रीतसर शिक्षण घेतलेला असा त्यांत एकही नव्हता. निवड झाली ती प्रेसिडेन्सी कॉलेजांत गणित शिकविणाऱ्या एका तरुण अध्यापकाची. त्यांचें नांव शियाळी रामामृत रंगनाथन्. तंजावर जिल्ह्यांतील शियाळी गांवीं १८९२ सालीं जन्मलेल्या ह्या गृहस्थांजवळ नव्या कामाची शिदोरी म्हणजे मुलाखतीपूर्वी ब्रिटानिका कोशांत वाचलेला एक लेख, एवढीच होती. १९२४ च्या जानेवारींत ते कामावर रुजू झाले आणि थोड्याच दिवसांत कंटाळले. भोंवतीं मुलांचा घोळका असावयाची सवय. येथें तर निर्जन दालन, मुक्या पुस्तकांच्या रांगा आणि क्वचित् एखादा वाचक! ते परत गेले व आपली जुनी जागा मागूं लागले. तेव्हां असें ठरलें कीं, त्यांनीं आधीं लंडनला जाऊन ह्या विद्येचा अभ्यास करावा. त्यानंतरही मन रमलें नाहीं तर खुशाल गणिताकडे परतावें.

लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजांत त्यांस सेयर्स नांवाचे गुरु लाभले. हे सेयर्स स्वतः क्रॉयडन येथील सार्वजनिक ग्रंथालयाचे प्रमुख होते. रंगनाथन् यांनीं त्या मुक्कामांत शंभराहून अधिक ग्रंथालयें पाहिलीं. मजूर, गृहिणी, लहान मुलें हीं सर्व मोकळेपणानें आंत येतात, आणि कपाटाशीं स्वतः उभीं राहून पुस्तक निवडतात, हें दृश्य त्यांच्या मनावर कायमचें ठसलें. गणिताकडे परतण्याची गोष्ट तेथेंच संपली. परतीच्या प्रवासांत त्यांनीं जहाजावरील पुस्तकांचीसुद्धां आपल्या नव्या पद्धतीनें फेरमांडणी करून पाहिली, असें सांगतात.

मद्रासेस आल्यावर त्यांनीं कामाचा डोंगर उपसला. दिवसाचे बारा-तेरा तास काम, सुटीचें नांव नाहीं, असा क्रम सुमारें वीस वर्षें चालला. परंतु नुसते कष्ट तर हमालही करतो. ह्या कामाच्या मुळाशीं कांहीं तत्त्वें असलींच पाहिजेत, आणि गणिताप्रमाणें थोड्या सूत्रांतून सर्व व्यवहार सिद्ध करतां आला पाहिजे, असा त्यांचा ध्यास होता. १९२८ सालीं त्यांचे जुने गणिताचे गुरु एडवर्ड रॉस हे भेटीस आले असतां शिष्यानें आपली अडचण सांगितली. रॉससाहेब सहज बोलून गेले कीं, ग्रंथ हे उपयोगासाठीं आहेत, हेंच तुझें पहिलें सूत्र नव्हे काय? बस्स! पहिलें सूत्र हातीं लागलें आणि बाकीचीं चार त्यामागून आलीं. प्रत्येक वाचकास त्याचा ग्रंथ मिळाला पाहिजे. प्रत्येक ग्रंथास त्याचा वाचक मिळाला पाहिजे. वाचकाचा वेळ वांचविला पाहिजे. आणि ग्रंथालय ही वाढत राहणारी सजीव संस्था आहे. हीं पांच सूत्रें १९३१ सालीं ग्रंथरूपानें प्रसिद्ध झालीं, आणि आज जगांत जेथें जेथें ग्रंथालयशास्त्र शिकवितात तेथें तेथें तीं शिकविलीं जातात.

वाचक म्हणतील, ग्रंथ उपयोगासाठीं असतात हें सांगावयास एवढा विद्वान् कशाला पाहिजे? मलाही हें सूत्र प्रथम वाचलें तेव्हां असेंच वाटलें होतें. आतां माझी गोष्ट सांगतों.

मी एका तालुक्याच्या गांवीं संस्कृतचा शिक्षक होतों. शाळेचें ग्रंथालय म्हणजे चार कपाटें. त्यांचा कारभार माझ्याकडे एकोणीस वर्षें होता. किल्ली जानव्याला बांधलेली असे. पुस्तक परक्या हातीं गेलें कीं गेलेंच, हें लहानपणीं पाठशाळेंत ऐकलेलें, तेंच माझें ब्रीद. शिक्षकांस पुस्तक द्यावयाचें तें सही घेऊन. मुलांस द्यावयाचें तें शक्य तों द्यावयाचेंच नाहीं. एके वर्षीं दहावींतला एक मुलगा आपट्यांचा संस्कृत कोश मागावयास आला. घरची गरिबी, पण बुद्धि तल्लख. एका समासावर अडला होता. मीं सांगितलें, "कोश घरीं न्यावयाचा नसतो." तो दुसऱ्या दिवशीं मधल्या सुटींत आला, येथेंच बसून पाहूं का म्हणाला. मीं म्हटलें, "सुटी संपत आली, उद्यां ये." तो पुढल्या आठवड्यांत आणखी एकदां आला, त्या दिवशीं किल्ली घरीं राहिली होती. मग तो आला नाहीं. मला त्याचें कांहीं वाटलें नाहीं. उलट वर्षअखेर मोजदाद झाली तेव्हां एकही पुस्तक हरवलें नाहीं म्हणून मुख्याध्यापकांनीं सभेंत माझें नांव घेतलें, आणि मीं तें अभिमानानें ऐकलें.

सेवानिवृत्तीच्या वेळीं चार्ज देण्यासाठीं कपाटें रिकामीं करावीं लागलीं. चौथ्या कपाटाचा खालचा खण ओढला तों हातांत मातीच आली. भिंतीकडून वाळवी शिरली होती. पुढून पुट्ठे जागच्या जागीं, आणि आंतून पोकळ! त्यांत तो कोशही होता. त्याच्या मागच्या पानावर चिकटविलेली, कोणीं केव्हां नेला हें लिहावयाची चिठ्ठी शाबूत होती, आणि ती कोरी होती. जो ग्रंथ मीं एका मुलाच्या हातांतून वांचविला, तो वाळवीनें खाल्ला. मोजदादींत मात्र तो शेवटपर्यंत हजर होता.

रंगनाथन् यांचें पहिलें सूत्र मला त्या दिवशीं समजलें. तें चार शब्दांचें असेल, पण त्यांत आमच्यासारख्या राखणदारांची सबंध पिढी दोषी ठरते. पूर्वी विलायतेंत मोठे ग्रंथ लोखंडी सांखळीनें मेजास बांधून ठेवीत असत. आम्हीं सांखळी काढली खरी, पण तिच्या जागीं किल्ली आणून ठेवली.

असो. मूळ कथेकडे वळूं. उपयोगासाठीं ग्रंथ द्यावयाचा तर तो आधीं सांपडला पाहिजे. एका पुस्तकाचा विषय एकच असता तर प्रश्न नव्हता. पण फुप्फुसांच्या क्षयावर क्ष-किरणांनीं हिंदुस्थानांत कसे उपचार झाले, असा ग्रंथ आला तर तो कोठें ठेवावा? जुन्या पद्धतींत प्रत्येक विषयास आधींच एक ठराविक घर नेमलेलें असे. नवा विषय आला कीं त्यास घर मिळेना. लंडनच्या एका दुकानांत रंगनाथन् यांनीं मेकॅनो हें खेळणें पाहिलें होतें. त्याच पट्ट्या, तेच खिळे, पण जोडणी बदलली कीं कधीं गाडी, कधीं पूल! विषयांचेंही असेंच करावें, अशी कल्पना त्यांस सुचली. अवयव, रोग, उपचार, देश, काल असे विषयाचे घटक वेगळे करून त्यांस निरनिराळे अंक द्यावे व ते चिन्हांनीं जोडावे. जोडणीस विसर्गासारखें दोन टिंबांचें चिन्ह, म्हणजे कोलन, वापरलें म्हणून ह्या पद्धतीस कोलन वर्गीकरण म्हणतात. तें १९३३ सालीं प्रसिद्ध झालें. ज्यांनीं तर्कसंग्रह वाचला आहे त्यांस द्रव्य, गुण, कर्म ह्या पदार्थांची आठवण झाल्यावांचून राहणार नाहीं.

हें सर्व एकट्याचें काम नव्हे, ह्याची जाणीव त्यांस पुरेपूर होती. सुंदरम् व शिवरामन् ह्या सहकाऱ्यांचीं नांवें त्यांनीं १९४० च्या सुमारास आपल्या ग्रंथांवर स्वतःच्या नांवाशेजारीं छापलीं. १९२८ सालीं मद्रास ग्रंथालय संघ स्थापन झाला व पुढील वर्षीं ग्रंथपालांसाठीं शिक्षणाचा वर्ग निघाला. १९३१ सालीं तंजावर जिल्ह्यांतील मन्नारगुडी येथें बैलगाडींतून पुस्तकें खेडोपाडीं नेण्याचा उपक्रम सुरू झाला. विद्यापीठाच्या ग्रंथालयास १९३६ सालीं समुद्रकिनाऱ्यावर स्वतःची इमारत मिळाली. पुढें १९४५ सालीं ते काशीच्या हिंदु विश्वविद्यालयांत गेले आणि दोन वर्षांत सुमारें एक लक्ष ग्रंथांचें वर्गीकरण त्यांनीं बहुतांशीं एकहातीं केलें. तेथून ते दिल्ली विद्यापीठांत गेले. १९४८ सालीं मद्रास प्रांतांत सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा झाला, त्यामागें त्यांचीच अनेक वर्षांची तपश्चर्या होती. १९५७ सालीं त्यांस पद्मश्री मिळाली. सर्वांत मोठी गोष्ट अशी कीं, आयुष्यभराच्या बचतींतून एक लक्ष रुपये त्यांनीं मद्रास विद्यापीठास देऊन ग्रंथालयशास्त्राचें अध्यासन स्थापिलें, आणि त्यास आपल्या पत्नीचें, शारदाबाईंचें, नांव दिलें. १९७२ सालीं बंगळूर येथें त्यांचें देहावसान झालें. त्यांच्या जन्माप्रीत्यर्थ १२ ऑगस्ट हा दिवस देशांत ग्रंथपालदिन म्हणून पाळला जातो.

आपल्या मराठी मनास अभिमान वाटावा अशी एक गोष्ट येथें नमूद केली पाहिजे. मद्रासेंत हें घडण्याच्या आधींच बडोद्यास श्रीमंत सयाजीराव महाराजांनीं बोर्डेन ह्या अमेरिकन तज्ज्ञास बोलावून १९१० सालापासून संस्थानभर मोफत ग्रंथालयांचें जाळें विणावयास आरंभ केला होता. महाराष्ट्र राज्यांत सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा होण्यास मात्र १९६७ साल उजाडावें लागलें.

आतां काळ बदलला आहे. विद्यापीठांतील प्रबंध २००९ च्या नियमांपासून संगणकीय प्रतीच्या रूपानेंही द्यावे लागतात आणि 'शोधगंगा' ह्या भांडारांतून ते कोणासही घरबसल्या वाचतां येतात. ते तेथवर पोहोंचविण्याचें काम विद्यापीठांच्या ग्रंथालयांतील माणसेंच करीत असतात. यंत्र नवें आलें, तरी सूत्र तेंच आहे. वाचकाचा वेळ कोणी तरी आपला वेळ देऊन वांचवीत असतो.

वाचकहो, आपणां बहुतेकांच्या घरीं माडीवर किंवा माजघरांत वाडवडिलांनीं जमविलेल्या पुस्तकांचें एक कपाट असतें. आमच्या घरींही आहे. निवृत्तीनंतर मीं त्याची किल्ली जानव्यावरून काढून देवघराशेजारच्या खुंटीवर टांगली. थोरल्या सूनबाईंनीं एक वही केली. कोणीं कोणतें पुस्तक नेलें हें ज्याचें त्यानें लिहावें, एवढाच नियम. शेजारचीं मुलेंही येतात. दोन वर्षांत तीन पुस्तकें परत आलीं नाहींत, आणि एकावर धाकट्या नातवानें चहा सांडला. घरांतील वडील मंडळी मला अधूनमधून टोमणे मारतात. मी ते ऐकून घेतों. वही जवळजवळ भरत आली आहे.

त्या मुलाचें पुढें काय झालें हें मला ठाऊक नाहीं. त्याचा तो समास सुटला असेल, कोठल्या तरी ग्रंथालयांत कोणी भल्या ग्रंथपालानें त्याच्यापुढें कोश उघडून ठेवला असेल, अशी मी आशा करतों. आपणांस तशा भल्या माणसाची गांठ पडली तर त्यास त्याचें नांव अवश्य विचारावें, आणि विद्यापीठाच्या वृत्तांतांत आलें नाहीं तरी घरीं येऊन चार मंडळींत तें सांगावें, एवढीच विनंति.