कोंक गावचं चर्च : दगड, सोनं आणि गावकरी



दक्षिण फ्रान्सच्या डोंगराळ अवेरों भागात कोंक नावाचं छोटंसं खेडं आहे. तिथलं सेंट फ्वा चर्च 11व्या-12व्या शतकातलं. एवढ्याशा गावात एवढं मोठं चर्च कशाला? कारण स्पेनमधल्या सांतियागोला पायी जाणारे यात्रेकरू वाटेत इथे थांबत.

रचना
चर्चचा नकाशा क्रॉसच्या आकाराचा आहे. आतलं दगडी छत अर्ध्या पिंपासारखं गोल आणि सुमारे 22 मीटर उंच. असं जड छत भिंतींना बाहेर ढकलतं. म्हणून भिंती जाड ठेवल्या आणि दोन्ही बाजूंना वर सज्जे बांधले. तेही छताला आधार देतात. वेदीमागे अर्धगोल मार्ग आहे. प्रार्थना चालू असली तरी यात्रेकरूंना तिथून फिरता येई. या शैलीला 'रोमनेस्क' म्हणतात.

दारावरचं शिल्प
मुख्य दारावर 'अंतिम न्याया'चा देखावा कोरलाय. त्यात 124 आकृत्या आहेत : एकीकडे स्वर्ग, दुसरीकडे नरक. वाचता न येणाऱ्यांसाठी हे जणू दगडी पुस्तकच! नीट बघा, कमानीच्या कडेवरून काही चेहरे हळूच डोकावताना दिसतील.

आतल्या वस्तू
वेदीभोवती लोखंडी जाळ्या आहेत. सुटका झालेल्या कैद्यांच्या बेड्या वितळवून त्या घडवल्या, अशी आख्यायिका आहे. खिडक्या मात्र आपल्या काळातल्या! चित्रकार पिएर सुलाज यांनी 104 खिडक्यांसाठी रंग नसलेली, धूसर काच निवडली. हे काम 1994 मध्ये पूर्ण झालं. बाहेरचा उजेड बदलला की काचेची छटाही बदलते.

सगळ्यांत मौल्यवान वस्तू म्हणजे संत फ्वाची बसलेली मूर्ती. ही संत म्हणजे परंपरेनुसार धर्मासाठी प्राण देणारी लहान मुलगी. मूर्ती आतून लाकडी, वरून सोन्याचा पत्रा आणि रत्नं. तिच्यात संतांचे अवशेष ठेवत.

मूर्ती वाचली कशी?
फ्रेंच राज्यक्रांतीत चर्चचं सोनं-चांदी जप्त करून वितळवलं जात होतं. तेव्हा कोंकच्या गावकऱ्यांनी हा खजिना आपापल्या घरांत, बागांत लपवला आणि धोका टळल्यावर परत आणून दिला. इमारत मात्र मोडकळीला आली होती. 1837 मध्ये ऐतिहासिक वास्तूंचे निरीक्षक, लेखक प्रोस्पेर मेरिमे तिथे पोहोचले आणि पुढे दुरुस्तीला चालना मिळाली.

म्हणजे वास्तू बांधतात कारागीर, पण टिकवतात माणसं.

विचार करा : सोनं घरात असूनही गावकऱ्यांनी ते परत का दिलं असेल? वर्गात चर्चा करा.